तुम्ही विचारलंत म्हणून: बर्लिन कुठून बघायला घ्यायचं?

नोकरीसाठी बर्लिनला यायचं ठरलं की लोक मला फोन करतात. घर, व्हिसा, विमा असं सगळं बोलून झाल्यावर शेवटी विचारतात, शहर कुठून बघायला घ्यायचं? मी सांगते, मध्यापासून सुरुवात करू नका. या शहराला एक मध्य नाहीच.

आजचं बर्लिन १९२० साली जुळवलेलं आहे. जुन्या शहराला त्या वर्षी सात नगरं, ५९ गावं आणि २७ जहागिऱ्या जोडल्या गेल्या. श्पांडाऊ, क्योपेनिक, श्योनेबर्ग ही त्या सातांपैकी. या तिन्हींचं आपापलं नगरभवन अजून उभं आहे. म्हणून मी नकाशावर आधी नगरभवनं शोधायचे, तिथे उतरायचे आणि पाय नेतील तिकडे जायचे.

माझा सगळ्यात जास्त जीव जडला तो नॉयक्योल्नवर. कार्ल-मार्क्स-श्ट्रासेवर गर्दी, हॉर्न, दुकानांची रांग. तिथून जरा आत वळून रिशार्डप्लात्झला आलं की बुटकी घरं, दगडी फरसबंदी आणि चौकात एक जुनी लोहारशाळा. हे रिक्सडॉर्फ. धर्मावरून छळ झाला म्हणून बोहेमिया सोडून आलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना प्रशियाच्या राजाने १७३७ मध्ये इथे वसवलं. त्यांनाही इथली भाषा नवीनच असणार. नवी असताना मला या विचाराने फार धीर यायचा, अजूनही येतो.

चालताना घरांच्या क्रमांकांकडे लक्ष ठेवा. बऱ्याच जुन्या रस्त्यांवर ते एका बाजूने चढत जातात आणि टोकाला पोचले की समोरच्या बाजूने चढत परत येतात. त्यामुळे १२ नंबरच्या समोर चक्क ८७ असू शकतो. कोपऱ्यावरच्या पाटीवर रस्त्याच्या नावासोबत त्या तुकड्यातले क्रमांक छोट्या अक्षरांत दिलेले असतात. ते आधी वाचायचे. नव्या माणसाची खूप पायपीट वाचते.

ट्राम दिसली तर बहुधा तुम्ही जुन्या पूर्व बर्लिनमध्ये आहात. पश्चिमेने १९६७ पर्यंत आपल्या ट्राम बंद केल्या होत्या. भिंत पाडल्यावर काही मार्ग पश्चिमेत शिरले, पण जाळं अजून पूर्वेचंच. शहराच्या मध्यभागात भिंत जिथून जायची तिथे बऱ्याच ठिकाणी रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे.

आणि खाली बघत चाला, हे मी मनापासून सांगते. दारांसमोर फरसबंदीत दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील. नाझींनी ज्यांना त्या घरांतून नेलं त्यांची नावं, जन्मवर्षं आणि पुढे काय झालं ते त्यावर कोरलेलं आहे. गुंटर डेम्निग या कलावंताने सुरू केलेलं हे काम आहे. प्रत्येक नाव थांबून वाचावं असं मला वाटतं. आपण राहायला आलो त्या गल्लीत आधी कोण राहत होतं हे आपल्याला माहीत असायला हवं.

पायी जमणार नसेल तर एस४१ ही गोल फिरणारी लोकल पकडा. २७ स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण एक तास. खिडकीतून जी वस्ती खुणावेल तिथे उतरा. रविवार सगळ्यात बरा, कारण बहुतेक दुकानं बंद असतात आणि खरेदीत वेळ जात नाही. काहीच सुचलं नाही तर नॉयक्योल्न स्टेशनला उतरून रिक्सडॉर्फला जा.