मॉरिसची बॅटरी उलटी बसली तेव्हा (माझा अनुभव)

आमची मॉरिस मायनर १९५८ ची आहे, ९४८ सीसीवाली, आजोबांनी घेतलेली. दादरला बिल्डिंगच्या कंपाऊंडमध्येच असते. मधे अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड वर्षं गाडी जागची हलली नाही, बॅटरी पार गेली. मी नवीन मागवली, दुकानातला मुलगा आला, दहा मिनिटांत बसवून गेला, मी वर घरातच होते. खाली येऊन स्टार्टर ओढला तर दुसऱ्या झटक्यात गाडी चालू! मला इतका आनंद झाला की अण्णांना खालूनच हाक मारली.

अण्णा काठी टेकत आले आणि डॅशवरचा लाल दिवा बघून थांबले. हा दिवा चावी फिरवली की लागतो आणि इंजिन चालू होऊन जरा रेस दिली की विझतो, म्हणजे डायनॅमो चार्जिंग करतोय. मी थोडी रेस दिली तर तो विझायचा सोडून आणखी भगभगीत झाला. अण्णा म्हणाले, "बंद कर, आधी बंद कर."

बॉनेट उघडलं आणि मला काही कळायच्या आत त्यांनी बॅटरीच्या क्लॅम्पवर बोट ठेवलं. बॅटरीचा प्लसचा खांब मायनसपेक्षा थोडा जाड असतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बॉडीला जाणारी जी विणलेली तांब्याची पट्टी आहे तिचा क्लॅम्प मोठा, तो मायनसवर ढिला बसत होता म्हणून त्या मुलाने आत पत्र्याचा तुकडा ठोकलेला, आणि दुसरा छोटा क्लॅम्प स्क्रू ड्रायव्हरने फाकवून प्लसवर चढवलेला. गाडी सांगत होती की प्लस बॉडीला लाव. मुलाचीही चूक म्हणवत नाही, आजच्या सगळ्या गाड्यांना मायनसच बॉडीला असतो, त्याने दुसरं कधी पाहिलेलंच नसणार.

त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्या प्लस अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेल्या. साठच्या दशकात अल्टरनेटर आणि सेमीकंडक्टर आले तसे सगळे मायनस अर्थवर गेले. अण्णांना याचं नवल नाही, त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, तिथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि प्लसच अर्थला, जमिनीखालचं तांबं झिजू नये म्हणून.

मग उलटी बॅटरी असून गाडी चालू कशी झाली? मला हेच कोडं पडलं होतं. तर या जुन्या स्टार्टरमध्ये कायमचं लोहचुंबक नसतं, फील्ड म्हणजे चुंबकाचं काम करणारा भागसुद्धा कॉईलचाच, त्यामुळे प्लस मायनस दोन्ही एकदम उलटले तरी मोटर त्याच बाजूला फिरते. हेडलाइटच्या बल्बला काही फरक नाही, पेट्रोलचा जुना एसयू पंपही टकटक करत राहतो. सगळं ठीक वाटतं आणि तिथेच घात होतो. कारण डायनॅमोच्या लोखंडात जुनं चुंबकत्व शिल्लक असतं, तो जुन्याच दिशेने वीज बनवतो. लाल दिव्याचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं डायनॅमोला, एरवी दोन्हीकडे सारखे व्होल्ट झाले की दिवा विझतो, इथे दोघांची बेरीज होत होती. आणखी रेस दिली असती तर कटआऊट, म्हणजे डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, जुळला असता आणि त्याचे पॉइंट जळून चिकटले असते.

परळचे एक जुने वायरमन आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांना बोलावलं. त्यांनी बॅटरी फिरवली, क्लॅम्प घासून आपापल्या खांबावर बसवले. डायनॅमोला उलटा करंट लागलेला नव्हता, पण मामा म्हणाले, त्याचं चुंबकत्व बरोबर दिशेलाच आहे याची खात्री करून घेऊ. त्यांनी डायनॅमोच्या डी (वीज बाहेर येते ती) आणि एफ (फील्डची) दोन्ही वायरी काढल्या, बॅटरीच्या मायनसवरून, म्हणजे आमच्या गाडीत जी लाइव्ह बाजू त्यावरून, एक वायर एफ टर्मिनलला दोन-तीनदा नुसती टेकवली. बारीकशी ठिणगी उडाली, झालं.

मग त्यांनी स्पार्क प्लगची वायर काढून जरा लांब धरली आणि मधल्या फटीत पेन्सिलचं टोक धरलं. ठिणगीची नारिंगी झळ पेन्सिलच्या प्लगकडच्या बाजूला दिसायला हवी, आमच्याकडे ती वायरच्या बाजूला दिसत होती. मागे कधीतरी इग्निशन कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदललेली, तिचा प्लस नव्या गाड्यांसारखा चावीकडे जोडलेला, प्लस अर्थमध्ये तो डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाकडे, जायला हवा. प्लगच्या मधल्या गरम टोकाला मायनस मिळाला तर ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते. म्हणजे इतकी वर्षं आमची गाडी उलट्या स्पार्कवर चालत होती! कॉईलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, पाच मिनिटांचं काम.

मामांनी विचारलं, मायनस अर्थ करून टाकू का, पुढे कटकट नको. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. गाडी जशी बनली तशीच राहू दे, लक्ष आपण ठेवायचं.

आता बॅटरीच्या बाजूला मी लाल ऑइलपेंटने लिहिलंय, "प्लस बॉडीला". फोनचा चार्जर गाडीत लावायचा नाही, एलईडी बल्बही बघून घ्यायचे, त्यांना प्लस मायनस उलटं चालत नाही. आणि दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायची वेळ आली तर प्लसला प्लस, मायनसला मायनस, पण दोन्ही गाड्यांच्या बॉडी एकमेकींना अजिबात टेकू द्यायच्या नाहीत, बंपरसुद्धा नाही, कारण आमची बॉडी प्लस आणि त्यांची मायनस, नाहीतर थेट शॉर्ट. वॉचमनलाही हे सांगून ठेवलंय, कारण मी घरी नसले तर मदतीला धावणारा तोच.