ग्रिफिथला जायचं की नाही, हे वरूडमध्ये बसून

सध्या माहेरी आहे. वरूडपासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव, जानेवारी चालू आहे, आंबिया बहाराची संत्री तोडून शेवटची गाडी गेली आणि बाबांनी बगीच्याचं पाणी तोडलंय. ताण दिलाय झाडांना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बहार धरायचा असला की आधी काही आठवडे पाणी बंद ठेवायचं, झाड तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल झाली की मग पाणी सोडायचं, तेव्हा भरभरून फूल येतं. (नाही, यावरून मी आयुष्याबद्दल काही सांगणार नाहीये, घाबरू नका.)

तर विषय असा की सिडनीत आम्हाला नऊ वर्षं झाली, आणि नवऱ्याला आता ग्रिफिथला नोकरी मिळतेय. एका फूड प्रोसेसिंग प्लांटमध्ये मेंटेनन्सची, पगार आत्तापेक्षा बरा. फेब्रुवारीच्या शेवटी हो की नाही सांगायचंय. तो सिडनीत आहे, मी दोन लेकरं घेऊन इथे, आणि रोज रात्री फोनवर तेच.

ग्रिफिथ म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात, समुद्रापासून लांब, सिडनीहून साडेपाचशे किलोमीटरच्या वर, गाडीनं सहा-सात तास. रस्ते गोल गोल, कारण ज्या वॉल्टर बर्ली ग्रिफिननं कॅनबेराचा प्लॅन केला त्यानंच याचाही केला, फक्त गावाला नाव मिळालं ते ग्रिफिथ नावाच्या मंत्र्याचं. इटलीहून आलेले लोक खूप, त्यांच्या पुढच्या पिढ्या, आणि आता पंजाबी पण भरपूर. द्राक्षं, भात आणि संत्री. हो, संत्री! नवऱ्याला वाटलं होतं की संत्री म्हटलं की माझे बाबा लगेच पाघळतील.

मी सिडनीत एक एक्सेल शीट केली होती. डावीकडे सिडनी, उजवीकडे ग्रिफिथ, खाली भाडं, शाळा, डॉक्टर, माझी नोकरी, मराठी माणसं, विमानतळ. प्रत्येकाला दहापैकी मार्क. सिडनी ५१, ग्रिफिथ ४९. इतकी मेहनत करून हे! मग परवा संध्याकाळी ओसरीत बसून मी सगळ्यांना सांगायला लागले, आणि खरं सांगायचं तर ग्रिफिथमध्ये काय काय नाही हे जरा रंगवूनच सांगत होते, म्हणजे बाबाच म्हणतील की जाऊ नका.

"किती मानसं राह्यते तिथं?" बाबा.

"सत्तावीस हजार."

"म्हंजे वरूडच्या निम्मं."

"मोठा डॉक्टर लागला तर वाग्गाला जावं लागतं, दोन तास."

"म्हंजे आपलं नागपूर."

"रेल्वे आहे पण रोज नाही येत."

"आपल्याकडं तं येते," बाबा म्हणाले, आणि ते बोलणारच होते, कारण आमच्या स्टेशनचं नाव वरूड ऑरेंज सिटी आहे आणि बाबांना त्याचा भारी अभिमान, गाडीत किती वेळा बसलेत ते विचारू नका.

मी म्हटलं, अंधार पडला की गावाबाहेर गाडी चालवायची भीती, कांगारू मधे येतात. काका म्हणाले, इथं रोही, म्हणजे नीलगाय, येते, मागच्या महिन्यात एकाची मोटरसायकल गेली. मी म्हटलं उन्हाळ्यात चाळीसच्या वर जातं. यावर तर कोणी उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. वरून मी सांगितलं की तिथे कोरडी हवा असल्यामुळे बऱ्याच घरांच्या छपरावर मोठा कूलर बसवलेला असतो, पाण्यानं भिजणारे पॅड आणि खाली पाइपातून खोल्यांमध्ये हवा, आणि तो चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवायची असते, तेव्हा काकू एवढ्या हसल्या की चहा सांडला. ऑस्ट्रेलियात जाऊन कूलर!

आणि मग आई, आतून, पोळ्या लाटता लाटता: "मंग इथून काऊन गेली वं तू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

जरा कामाचं सांगते, कारण विदर्भातली बरीच पोरं मला इनबॉक्समध्ये विचारतात. आमचं पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, झालेलं आहे म्हणून आम्ही कुठेही राहू शकतो. पण नव्यानं येणाऱ्यांना आता ४९१ नावाचा व्हिसा मिळतो, नोव्हेंबर २०१९ पासूनचा, पाच वर्षांचा, तो पॉइंटवर ठरतो, आणि राज्याचं नॉमिनेशन, म्हणजे राज्य सरकारनं तुमचं नाव सुचवणं, मिळालं की १५ पॉइंट जास्तीचे. अट एकच, सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून राहायचं आणि कामही तिथेच करायचं. तीन वर्षांनी कमाईचे टॅक्सचे कागद दाखवून पीआरला अर्ज करता येतो. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा हे पण "रीजनल"मध्ये मोडतं, म्हणजे रीजनल म्हटलं की शेणामातीचं गावच असेल असं नाही. एजंट हे सांगत नाहीत, किंवा फक्त हेच सांगतात, जे त्यांना परवडेल ते.

शाळेचं मला जास्त टेन्शन होतं. मोठी दहा वर्षांची, सिडनीत आमच्या भागात सगळे सिलेक्टिव्ह शाळेच्या (हुशार मुलांना परीक्षा घेऊन निवडणारी सरकारी शाळा) परीक्षेच्या मागे, शनिवारी कोचिंग, रविवारी मराठी शाळा, पोरीला सुट्टी फक्त ताप आला तर. ग्रिफिथमध्ये २०१९ ला दोन सरकारी हायस्कुलं मिळून एक केलं, लोकांना ते पटलं नाही, मग परत वेगळं करायचं ठरलं. हे वाचून मी उजव्या रकान्यात तीन मार्क दिले. नंतर कळलं की गावाकडच्या हुशार मुलांसाठी ऑरोरा कॉलेज म्हणून सरकारी ऑनलाइन शाळा आहे, २०१५ पासून, आपल्या गावातल्या शाळेत बसूनच सिलेक्टिव्हचे काही विषय ऑनलाइन शिकायचे. मग सहा केले. बघा, म्हणजे मार्क माझ्या मूडवर होते. माझ्या पोरीला विचारलं तर ती म्हणाली तिथे कोचिंग नसेल ना, मग चला.

नवऱ्याच्या होणाऱ्या सहकाऱ्याची बायको पंजाबी आहे, तिच्याशी तासभर बोलले. ती म्हणाली पहिल्या हिवाळ्यात रोज रडले, दुसऱ्या हिवाळ्यात वेळच मिळाला नाही. घर स्वस्त आहे पण भाड्यानं रिकामं मिळणं कठीण. आणि सुपरमार्केटमध्ये तुमच्या ट्रॉलीत काय आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं. हे ऐकून मला एकदम वरूडच्या बसस्टँडवर उभं असल्यासारखं वाटलं, कॉलेजला असताना मी कोणाशी बोलले हे मी घरी पोचायच्या आधी घरी पोचायचं. ओळखपाळख म्हणजे काय गोड गोडच असते असं नाही.

धाकट्याला दमा आहे. इथे मागच्या आठवड्यात रात्री दोनला त्याचा श्वास लागला, दम्याचा निळा पफ दिला, स्पेसरमधून (पफला लावायची नळी) दिला, कमी होईना. बाबांनी शेजारच्या घराची कडी वाजवली, पाच मिनिटांत जीप दारात, कोणाचा तरी भाऊ मागे बसला, कोणीतरी वरूडच्या डॉक्टरला फोन लावून उठवलेलं. सिडनीत असंच झालं होतं दोन वर्षांपूर्वी, तेव्हा अँब्युलन्स बारा मिनिटांत आली, माणसं फार चांगली, सगळं व्यवस्थित. आणि समोरच्या फ्लॅटवाल्याला आजपर्यंत माहीत नाही की त्या रात्री काही झालं होतं.

ग्रिफिथला हॉस्पिटल गावातच आहे, इमर्जन्सीसकट. स्पेशालिस्टसाठी वाग्गा, एकशे ऐंशीच्या वर किलोमीटर, आणि एका बाजूनं शंभर किलोमीटरच्या वर जावं लागलं तर सरकार प्रवासाचे आणि राहायचे काही पैसे परत देतं. हे चांगलं आहे, आपल्या मेळघाटात कोणी देईल का. पण मला भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. तिकडे वसंतात रायग्रास नावाच्या गवताचे परागकण हवेत असतात, आणि गडगडाटी वादळ आलं की ओलाव्यानं ते कण फुटून एवढे बारीक होतात की नाकात न अडकता थेट फुप्फुसात जातात. मेलबर्नमध्ये नोव्हेंबर २०१६ ला एका संध्याकाळच्या वादळानंतर हजारो लोक हॉस्पिटलात गेले आणि दहा माणसं दगावली. वाग्गाकडचा भागही यासाठी माहीत असलेला आहे. हे मी ओसरीत सांगितलं तेव्हा मात्र "म्हंजे आपल्यासारखंच" असं कोणी म्हणालं नाही.

थोडा वेळ शांत. मग बाबांनी विचारलं, "पानी कुठून येते तिथं?"

आता हा प्रश्न माझ्या शीटमध्ये नव्हताच. मी नवऱ्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो सांगत गेला, मुरंबिजी नदी, वर डोंगरात बरिंजक आणि ब्लोअरिंग ही दोन धरणं, १९१२ पासून कालव्यानं पाणी, त्याआधी तिथं नुसतं मेंढ्यांचं माळरान. हे बाबांना पटलं, आपल्या अप्पर वर्धा धरणासारखं, म्हणाले. पुढचं नाही पटलं. तिथे जमीन वेगळी आणि पाणी वेगळं विकलं जातं. जमीन घेतली म्हणजे पाणी आलं असं नाही, पाण्याचा हक्क वेगळा विकत घ्यायचा, आणि धरणात किती साठा आहे त्यावर दरवर्षी ठरतं की हक्काच्या किती टक्के मिळणार. संत्री-द्राक्षंवाले बहुतेक भरवशाचा, महागडा हक्क घेऊन ठेवतात कारण झाड एक वर्ष उपाशी राहू शकत नाही, भातवाल्यांना मात्र कमी पावसाच्या वर्षी कधी कधी शून्य. ज्याला नको तो त्या वर्षापुरतं पाणी दुसऱ्याला विकतो. मेगालिटरवर भाव, म्हणजे दहा लाख लिटर, आणि २०१९ च्या दुष्काळात तो शेकडो डॉलरवर गेला होता.

"पानी इकून शेती सोडून देत असन मंग कोनी कोनी," बाबा म्हणाले.

"देतात ना," नवरा म्हणाला.

२०१९ चा उन्हाळा आमच्याकडे पण तसाच. एकशे वीस झाडं वाळली आमची, पंचवीस वर्षांची, बोअर आठशे फुटांवर गेला तरी नुसती माती. बाबांनी ती स्वतः नाही तोडली, माणूस लावला आणि त्या दिवशी ते मोर्शीला जाऊन बसले. आता ते फोनकडे वाकून विचारत होते, "जावईबापू, तुमची कंपनी तेच फळ घेते ना? मंग पानी गेलं तं फळ गेलं, फळ गेलं तं कंपनी. पोरगी देताना आमी पहिले गावचं पानी पाहतो." नवरा म्हणाला पोरगी तर तुम्ही आधीच दिलीय. सगळे हसले. पण मी शीट उघडून एक ओळ वाढवली.

रात्री गच्चीवर आईजवळ झोपले होते. जानेवारीची थंडी, दोन गोधड्या. मी म्हटलं माझी नोकरी सुटेल गं, ऑफिस आठवड्यातून तीन दिवस यायलाच लावतं, तिथे पेरोलचं काम कुठे मिळेल माहीत नाही, तो म्हणतो सहा महिने बघ घरी बसून, आणि तो वाईट अर्थानं नाही म्हणत. आई अमरावतीची. रुक्मिणीनगरात वाढलेली, बी.ए. झालेली, १९८४ ला लग्न होऊन या गावात आली जिथे तेव्हा नळ नव्हता. मला वाटलं ती म्हणेल जुळवून घे. तिनं बराच वेळ काही म्हटलंच नाही, मग म्हणाली, "मले कोनं इचारलं नवतं. तुले इचारून रायले नं? मंग सांग की."

मी विचारलं, "तुला विचारलं असतं तर?"

"आता काय करतं ते," म्हणाली आणि कूस बदलली.

सकाळी नवऱ्याला सांगितलं. फेब्रुवारीत त्यानं हो म्हणावं पण एकट्यानं जावं, एप्रिलच्या सुट्टीत आम्ही दोन आठवडे तिथे राहणार. तळं किंवा वाइनरी बघायला नाही. लेकराला तिथल्या डॉक्टरला दाखवणार, शाळेच्या ऑफिसात जाऊन बसणार, माझा बायोडेटा दहा ठिकाणी देणार. मला काम मिळालं नाही तर आम्ही सिडनीतच, आणि त्यानं दर पंधरा दिवसांनी सात तास गाडी हाकावी. तो म्हणाला हे तर ब्लॅकमेल आहे. मी म्हटलं नाही, मला विचारलंय, मी सांगतेय.

डोनाल्ड मॅकेबद्दल आईला सांगितलेलं नाही, तिथे १९७७ ला गांजाच्या धंद्याविरुद्ध बोलणारा माणूस गायब झाला आणि बॉडी आजवर सापडली नाही, ग्रिफिथ सर्च केलं की हे पण वर येतं. पन्नास वर्षं होत आली. वरूडचं सर्च केलं तर काय काय येईल देव जाणे.

परवा निघतोय. संत्री नेता येत नाहीत, सिडनी विमानतळावर ताजं फळ काढून घेतात, आणि न सांगता नेलं तर वर दंड. बाबांनी त्याऐवजी वहीचं पान फाडून चार प्रश्न लिहून दिलेत, एप्रिलमध्ये तिथल्या एखाद्या संत्रेवाल्याला विचारायला. कलम कशावर बांधता. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो का. एका झाडाला दिवसाला पाणी किती. पोरं शेतीत थांबतात का. खाली आईच्या अक्षरात पाचवा आहे, आंबाडीची भाजी मिळते का, आणि नाही मिळाली तर बी पाठवते म्हणून लिहिलंय, ते पण असं सहज नेता-पाठवता येत नाही हे मी अजून तिला सांगितलं नाहीये.