तुम्ही विचारलंत म्हणून : सोलोला कोणता स्केल?

कार्यक्रम संपून मी केबल गुंडाळायला घेतली की कुणीतरी जवळ येतंच. बहुतेक वेळा विशीतला मुलगा असतो, पाठीवर गिटारची बॅग असते. "ताई, सोलोला कोणता स्केल वाजवला?" सोलो म्हणजे गाण्यात गिटार एकटीच बोलते तो भाग. नागपूरला विचारतात, वर्ध्याला विचारतात, मागे आर्वीला एका लग्नात नवरदेवाच्या भावानंच विचारलं. मी घाईत "जी मायनर पेंटॅटॉनिक" एवढं सांगून मोकळी होते. उत्तर खोटं नसतं. पण त्यानं त्या मुलाचं भागणार नाही हे मला माहीत असतं, आणि परतीच्या गाडीत ते टोचत राहतं. म्हणून आज नीट सांगते.

स्केलचं, म्हणजे वाजवायला निवडलेल्या सुरांचं, आधी उरकून टाकू. जी हा सा धरायचा, मग पाच सूर : सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे धानी राग याच पाच सुरांचा. गिटारवर तिसऱ्या ते सहाव्या फ्रेटच्या (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या) चौकटीत हे सूर हाताखाली येतात आणि आठवडाभरात कुणालाही पाठ होतात. मलाही झाले होते. पुढची दोन वर्षं मी ते वर-खाली पळवत होते. बोटं चांगली पळायची. ऐकणारे पहिल्या मिनिटाला माना डोलवायचे, दुसऱ्या मिनिटाला आपसांत बोलायला लागायचे. काय चुकतंय ते मला कळत नव्हतं. अशात कापसाच्या जिनिंगमध्ये, जिथे मी हिशेब लिहिते, तिथल्या एका गाडीवाल्यानं सांगितलं की त्याच्या गावात एक म्हातारे आहेत, ते रात्री वावरात "असंच काहीतरी" वाजवतात.

ते काका. पुलगावपासून जवळच त्यांचं गाव. रेल्वेत ड्रायव्हर होते, नोकरीची बरीच वर्षं नागपूरला अजनीच्या क्वार्टरमध्ये काढली. शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. त्यांच्याकडे ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताच्या, रेकॉर्डी होत्या आणि एक गिटार होती. ड्युटीवरून आले की दोघं बसायचे. गार्डसाहेब गेले, रेकॉर्डी त्यांच्या मुलीकडे गेल्या, गिटार काकांकडे राहिली. निवृत्तीनंतर काका ती घेऊन आठ एकर वावरात परत आले.

पहिल्या दिवशी मला जेवढं येत होतं तेवढं सगळं मी वाजवून दाखवलं. काका बाजेवर बसून ऐकत होते. मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "दम कवा घेतं व पोरी?"

मी म्हटलं, गिटारला कशाला दम लागतो, बासरी थोडीच आहे.

"बोलाले लागते का नाही? मंग हे बी बोलनंच हाय."

त्यानंतर महिनाभर त्यांनी मला सरळ वाजवू दिलं नाही. "आंधी तोंडानं म्हन. म्हनता आलं तं वाजव." मला लाज वाटायची. अंगणात काकू तूर पाखडायच्या, शेजारची पोरं कुडावरून बघायची, आणि मी आ-आ करत बसलेली. पण तीन-चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. बोटांना सोळा सूर हवे असतात, गळ्याला चारच पुरतात. गळ्यातून निघालेली ओळ दम संपला की संपते, आणि कुठे संपवायची हे सांगावं लागत नाही. संथ ब्लूज मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीत धरला तर बारा बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) एक फेरा 48 सेकंदांचा होतो. त्या 48 पैकी मी आधी 45 सेकंद वाजवत असे. काकांनी ते 20 वर आणलं. उरलेल्या वेळात करायचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आयक."

त्यांचं म्हणणं मला उमगलं ते फेऱ्याची बांधणी समजल्यावर. ब्लूजच्या गाण्यात बारा बारचे तीन तुकडे असतात, चार-चार बारांचे. पहिल्या तुकड्यात गाणारा एक ओळ म्हणतो, दुसऱ्यात तीच ओळ पुन्हा, तिसऱ्यात तिचा निकाल लावणारी वेगळी ओळ. पण प्रत्येक ओळ साधारण दोन बारांतच संपते. पुढचे दोन बार मोकळे असतात. ते गिटारचे. गाणारा विचारतो, गिटार उत्तर देते. सोलोत गाणारा नसतो, तेव्हा विचारायचं आणि उत्तर द्यायचं ही दोन्ही कामं गिटारलाच करावी लागतात, आणि दोन्हींच्या मध्ये ऐकणाऱ्याला जागा ठेवावी लागते. काकांनी यासाठी गाडगेबाबांच्या कीर्तनाचा दाखला दिला. बाबा प्रश्न टाकायचे आणि थांबायचे, लोक उत्तर द्यायचे, मग त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न. बाबा एकटेच बोलत राहिले असते तर ते कीर्तन झालं नसतं, भाषण झालं असतं. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची कापसाच्या वावरातली गाणी आणि त्यांच्या चर्चमधली गाणी याच सवाल-जबाबावर उभी आहेत, आणि ब्लूज तिथून आला.

मी भुलाबाईची गाणी म्हणत मोठी झालेली मुलगी. अर्ध्या पोरी एक ओळ म्हणणार, अर्ध्या दुसरी, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी गिटार हातात घेतली की दोन्ही ओळी मीच, तेही एका दमात.

आता तार ताणण्याविषयी, कारण अर्धं बोलणं तिथं आहे.

माझी गिटार साधी अकूस्टिक, तारा बाराच्या सेटच्या, म्हणजे जाड. त्यात तिसरी तार गुंडाळीची असते, ती हिमतीनं ताणली तरी अर्ध्या सुरापलीकडे जात नाही, बोट मात्र सोलतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात तो सेट काढून टाकायला लावला आणि इलेक्ट्रिकचा दहाचा, बारीक तारांचा सेट चढवला. त्यात तिसरी तार साधी असते. आवाज थोडा पातळ झाला, पण तार वाकायला लागली. मग धडा एकच : तिसरी तार, पाचवा फ्रेट. तिथे मध्यम आहे. तो ताणून पंचमाला न्यायचा. अनामिका तारेवर, मधलं बोट आणि तर्जनी तिच्यामागे त्याच तारेवर टेकलेली, अंगठा गळ्यावरून वर आलेला, आणि जोर बोटांचा लावायचा नाही, किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवायचं. ताणण्याआधी सातव्या फ्रेटवर खरा पंचम वाजवून ऐकायचा, मग पाचव्यावर येऊन तार ताणून तोच गाठायचा.

तो गाठला की नाही हे कसं कळणार? काकांकडे तानपुरा नव्हता. मोटर होती.

आमच्या भागात शेतीची लाइन, म्हणजे वीज, काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला ओलित करायला काका विहिरीवर जायचे आणि मलाही बोलवायचे. काठावर मोनोब्लॉक मोटर, भिंतीवर स्टार्टरची पेटी. दोन्ही रात्रभर एका सुरात गुणगुणतात. तो सूर मोजता येतो. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि मोटरचं लोखंड सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 वेळा थरथरतं. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी 98 हर्ट्झचा असतो. म्हणजे मोटर जीच्या केसभर वर बोलते. काका सगळ्या तारा तेवढ्या केसभर चढवून घेत. मोटरचा सा झाला की त्यावर माझा पंचम. जरा खाली राहिला तर दोन्ही सुरांत लाट ऐकू येते, ववव असं काहीतरी. तार हळूहळू वर नेली की लाट संथ होत जाते, आणि पंचम लागला की थांबते. ती थांबण्याची जागा मी पऱ्हाटीच्या धुऱ्यावर बसून शिकले, पायाशी कंदील, दांडातून पाणी चाललेलं. जी धरून वाजवायची सवय मला तेव्हापासूनची. त्या मुलांना स्केल सांगताना जी म्हणते त्याचं कारण ती मोटर आहे.

यानंतरची जागा याहून बारीक. कोमल ग. तिसरी तार, तिसरा फ्रेट, तर्जनीखाली. ब्लूजमध्ये हा सूर जिथे लिहिला आहे तिथे राहत नाही. त्याला किंचित ढकलायचं, कोमल आणि शुद्ध ग यांच्या मध्ये कुठेतरी. तिथे गिटारला फ्रेट नाही. किती ढकलायचं ते मला महिनोन् महिने जमेना. एका रात्री घरी बाबांचं भजनी मंडळ बसलं होतं, तुकडोजी महाराजांची भजनं, खंजिरीवर. बाबा पेटी वाजवत गातात. मी दारात उभी होते आणि ऐकता ऐकता जाणवलं की पेटी कोमल गवर आहे आणि बाबांचा गळा तिथे नाही. तो थोडा वर चढलाय, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत, आणि तिथून खाली साला येतोय. चाळीस वर्षं ते असंच गात आले असतील. मी लगेच आतल्या खोलीत जाऊन तारेवर ती जागा शोधली. सापडली.

याच सुराची आणखी एक गंमत काकांनी दाखवली, आणि मला वाटतं सोलो शिकणाऱ्या प्रत्येकानं ती शांतपणे बसून ऐकावी. फेऱ्याच्या पहिल्या चार बारांत खाली जीची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, असतात. त्या कॉर्डमध्ये शुद्ध ग वाजत असतो आणि वर आपण कोमल ग लावतो. दोन्ही एकमेकांना घासतात, जीव तिथे कासावीस होतो. पाचव्या बारला कॉर्ड बदलून सी येते, आणि तिच्यात जोडलेला सातवा सूर म्हणजे हाच कोमल ग, तिथे तो घरचा असतो. आपण काही बदललं नाही, बोट तिथेच आहे, तरी भांडण मिटतं. काका पाचव्या बारपर्यंत तो एकच सूर धरून बसायचे. तिथे पोचले की डोळे मिटायचे.

काकांचे आवडते वादक बी. बी. किंग. 1925 साली मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर जन्मलेले, लहानपणी कापूस वेचलेला, मोठेपणी ट्रॅक्टर चालवलेला. घरची शेती मालकाची, पीक वाटून घ्यायचं. हे मी काकांना पुस्तकी शब्दांत सांगायला लागले तर ते म्हणाले, "बटई म्हन ना. आपल्याकडं काय दुसरं हाय?" रेल्वेचा माणूस असल्यामुळे त्यांना दुसरंही ठाऊक होतं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली ती याच कापसाच्या पट्ट्यातून. ज्या रुळांवर काकांनी गाड्या चालवल्या आणि ज्या सुरांवर रात्री बोटं चालवली, दोन्हींच्या मुळाशी एकच पीक. वेचणीच्या दिवसांत माझी बोटं बोंडांच्या टोकांनी चिरलेली असायची. काका ती बघून शिकवणी थांबवत नसत, फक्त त्या दिवशी तार कमी ताणायला सांगत.

बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसत. गायचे, थांबायचे, मग गिटार बोलायची. त्यांच्या आईच्या नात्यातले भाऊ, ब्लूजवादक बुका व्हाइट तारेवर नळी घसरवून वाजवायचे. किंग यांना ते साधेना, पण तो आवाज मात्र हवा होता, म्हणून त्यांनी डाव्या हाताचा कंप घडवला. तर्जनी तारेवर रोवलेली, अंगठा गळ्यावरून सुटलेला, आणि सगळा पंजा फुलपाखरासारखा फडफडतो. एकच सूर, पण ऐकल्याबरोबर माणूस ओळखू येतो.

आवाज बदलणारी पेडल कोणती वापरता हेही विचारलं जातं. एकही नाही. अँपचा आवाज थोडा फाटेल इतका वाढवते, आणि पिक जोरात मारायची की हळू हे हातावर ठेवते.

काका आता फारसं वाजवत नाहीत, बोटांची पेरं आखडली आहेत. पण मी गेले की समोर बसतात. मी एक ओळ वाजवून थांबते. ओळ नीट बोलली गेली असेल तर ते "हं" करतात. नसेल तर काहीच करत नाहीत, आणि मी तीच पुन्हा म्हणते, आधी तोंडानं.

तो तर्जनीचा कंप मला अजून पुरता येत नाही. अनामिकेनं येतो, तर्जनीला आला की सूर वर सरकतो. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइन आहे. जेवणं झाली की विहिरीवर जाते आणि मोटर चालू असेपर्यंत तेवढंच करते, तिसरी तार, तिसरा फ्रेट.