सांगलीत लघुपट महोत्सव भरवताना

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’चा खेळ केला ते हे गाव. इथे प्रेक्षक कुठून आणायचा, ही चिंता नव्हतीच. आमच्या मंडळींना वाटत होतं, चांगले लघुपट निवडले की महोत्सव झाला. कागदपत्रं तेवढी माझ्याकडे आली, बँकेत आयुष्य गेलंय म्हणून.

बहुतेक लघुपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसतं. त्याशिवाय जाहीर खेळ करायचा तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून महोत्सवासाठी सूट घ्यावी लागते. अर्जासोबत चित्रपटांची यादी, प्रत्येकाचा सारांश, दिग्दर्शकाची माहिती आणि चित्रपट आधी पाहून शिफारस करणाऱ्या समितीची नावं. सारांश मागितला की तरुण दिग्दर्शक कविता पाठवतात! शेवटी मी एकेकाला फोन लावून ‘बाबा, गोष्ट काय आहे ते सांग’ म्हणायचे आणि चार ओळी स्वतःच लिहायचे.

सूट मिळते ती नाव नोंदवलेल्या प्रतिनिधींपुरती, धंद्यासाठी नाही. आता हे हळदीच्या पेठेत समजावून बघा. एका व्यापाऱ्यांनी तर सरळ सांगितलं, “दहा तिकिटं फाडा ताई, पोरांना पाठवतो.” तिकीट नाही, प्रत्येकाची नावानिशी नोंदणी, गळ्यात ओळखपत्र, असं म्हटल्यावर ते हसले. “सिनेमाला की लग्नाला?” पण दुसऱ्या दिवशी दहाही नावं लिहून चिठ्ठी आली.

सभागृह नाटकाचं होतं. नाटकाला चालतं ते सिनेमाला चालत नाही. दारं उघडली की पडद्यावर उजेडाचा पट्टा, म्हणून दारांना आतून काळं कापड लावलं. लघुपट प्रत्येकाने वेगळ्या मशीनवर केलेले, त्यामुळे एकाचा आवाज कुजबुजतो आणि पुढच्याचा कानठळ्या बसवतो. आमच्या ऑपरेटरने प्रत्येक लघुपट तिथल्याच प्रोजेक्टरवर चालवून आवाजाचा आकडा वहीत लिहून ठेवला. माझ्या मते अख्ख्या महोत्सवातलं सगळ्यात मोलाचं काम ती वही. उद्घाटनाच्या भाषणांवर खर्च केलेला वेळ त्याच्यापुढे काहीच नाही.

पाहुणे मिरज जंक्शनला उतरायचे. हॉटेलचं बजेट नव्हतं, त्यामुळे विश्रामबागेत घरोघरी सोय केली. भाकरी, खर्डा आणि येता-जाता भडंग. एक दिग्दर्शक यजमानांच्या घरच्या गप्पांत इतका रमला की स्वतःच्या खेळाला धावतपळत आला.

कन्नड लघुपटाची मला धास्ती होती. सबटायटल इंग्रजी, आणि पुढच्या रांगांत ज्येष्ठ मंडळी. पण सबटायटल यायच्या आधीच मागून हशा पिकला. जत तालुक्यातून आलेला एक घोळका होता, कन्नड त्यांची घरची भाषा. मग शेजारी बसलेल्यांना तेच मराठीत सांगायला लागले. एरवी खेळात कुणी बोललं की माझं डोकं फिरतं, त्या दिवशी मी स्वयंसेवकांना गप्प राहायला सांगितलं.

खेळानंतर त्या मंडळींनी दिग्दर्शकाला गाठलं. आमच्या गावात येऊन दाखवा, पडदा आम्ही बांधतो. तो लगेच तयार. मी मध्ये पडले, कारण आमची सूट महोत्सवाच्या खेळांपुरती होती. आता त्याने प्रमाणपत्रासाठी अर्ज केलाय आणि सारांश लिहायला पुन्हा मलाच फोन केलाय.