जुन्या कॅरीबॅगा कापून विणलेली बाजाराची पिशवी: माझा अनुभव

आधीच सांगते, विणणं हा यातला सोपा भाग आहे, खरं काम दोरा करण्यात आहे. प्लास्टिकबंदी 23 जून 2018 पासून लागू झाली, तरी आमच्या माळ्यावर तेव्हापासूनच्या कॅरीबॅगांचं गाठोडं तसंच होतं, घंटागाडीत टाकायला जीव होईना कारण शेवटी त्या नाल्यात नाहीतर गायीच्या पोटात जाणार. सुया घरात होत्याच, आईनं शिकवलेलं विणकामही येत होतं, पण सोलापुरात स्वेटरची थंडी पडते किती? मग म्हटलं यांचीच पिशवी विणू.

पहिल्यांदा पिशव्या निवडल्या. मऊ, जराशा ताणल्या जाणाऱ्या पिशव्या चांगल्या. साडीची, टॉवेलची ती पारदर्शक कुरकुरीत कव्हरं घेऊ नका, कात्रीचा जरा खाच पडला की सरळ फाटत जातात. खिडकीपाशी ठेवलेल्या काही पिशव्या तर हातात घेतल्या घेतल्या चुरा झाल्या, ऊन लागलं की प्लास्टिक ठिसूळ होतं आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. दुधाच्या पिशव्या मजबूत असतात पण लहान, त्यामुळे गाठी फार येतात.

कापायला शेजारच्या अक्का आल्या. त्यांनी कितीतरी वर्षं विड्या वळल्या आहेत, पत्र्याचा साचा ठेवून पान कापायची सवय, कात्री अशी चालते की बघत राहावं. पिशवी सपाट करून हवा काढायची, वरचे कान आणि खालची शिवण कापून टाकायची, मग उभी घडी घालून आडव्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टी उलगडली की गोल कडं होतं. मी एक इंचाच्या म्हणत होते, अक्का म्हणाल्या, "बारीक नको गं, तुटतंय की, सव्वा ठेव." मग त्यांनी पुठ्ठ्याचा सव्वा इंची तुकडा कापून घेतला आणि तोच साचा. माझ्या पट्ट्या कमीजास्त व्हायच्या, त्यांच्या एकसारख्या, आणि दोरा एकसारखा असला तरच विण एकसारखी दिसते हे विणताना कळलं.

कडी जोडायला गाठ मारायची नाही. एका कड्यात दुसरं अर्धं घालायचं, त्याचं एक टोक दुसऱ्या टोकातून ओवून हळू ओढायचं. जोरात ओढलं तर पट्टी ताणून दोरीसारखी बारीक होते. झाला की लगेच गुंडा करून ठेवायचा, नाहीतर कोरड्या हवेत हाताला, साडीला, सगळ्याला चिकटत बसतं.

सुया 8 एमएमच्या घेतल्या. दुकानात नंबरने मागितल्या तर 0 नंबर, विणकामाच्या सुयांमध्ये नंबर लहान तेवढी सुई जाड. 30 टाके घातले आणि दोन्ही बाजूंनी सुलटच विणत गेले, उलटा टाका नाहीच, त्यामुळे कापड जाड आणि आडवं धरलं तरी गुंडाळत नाही. टाके सैल ठेवायचे, लोकरीसारखं प्लास्टिक सुईवरून घसरत नाही, घट्ट विणलं की दर टाक्याला ढकलावं लागतं आणि मनगट दुखतं. दुपारी हाताला घाम आला की अजून अडतं, म्हणून मी पहाटे विणायचे, पंख्याखाली.

26 इंच झाल्यावर टाके बंद केले, मधोमध दुमडून दोन्ही कडा त्याच पट्टीनं दाभणाने शिवल्या. बंद 5 टाक्यांचे. इथे मात्र कंजूषी करू नका, बंद नुसता वरच्या काठाला शिवला तर वजनाने तिथंच ओढ बसते, मी दोन्ही बंद खालच्या घडीपासून वरपर्यंत पिशवीवर शिवत आणले, त्यामुळे सगळा भार तळातून उचलला जातो.

लक्ष्मी मंडईत पहिल्यांदा नेली तेव्हा कांदे, बटाटे, वर मेथीची ओली जुडी. पाणी खाली गळून गेलं, माती झटकली की पडली. बंद जरासे लांबले, तेवढं होतंच. धुवायला साधं पाणी, वाळवायला सावली.

आता अक्कांची चालू आहे. त्यांना खांद्याला नको, हातात धरायची हवी, म्हणून बंद आखूड, आणि रंग त्यांनी स्वतः निवडलेत, सगळ्या केशरी पिशव्या बाजूला काढून ठेवल्यात.