वर्ष २ रे, अंक १ ला

एकट्यादुकट्याने काढलेल्या छोट्या वाङ्मयीन पत्रिकेचा पहिला वाढदिवस होतो तो नावाखालच्या बारीक ओळीत. 'वर्ष १ ले' जाऊन 'वर्ष २ रे' येतं, झालं. ही ओळ बदलायचीच राहून जाते. मागच्या अंकाची फाइल उघडून तिच्यात नवा मजकूर ओतला की जुनं वर्ष तसंच छापून येतं, आणि पुढे बाइंडर तो अंक बिनदिक्कत पहिल्या खंडात शिवतो.

दुसरी भानगड जोडअंकाची. एखादा महिना हुकतोच. मग 'जुलै-ऑगस्ट जोडअंक'. त्याला क्रमांक मात्र दोन्ही द्यावेत, अंक ५-६ असे. एकच दिला तर वर्षअखेर गाडी अकरावर थांबते आणि वर्गणीदार बारावा मागतो. पानंही निदान दीडपट हवीत, नाहीतर कटिंग देऊन फुल चहाचे पैसे घेतल्यासारखं होतं. साठच्या दशकात अशाच छोट्या पत्रिका काढणाऱ्या मंडळींनी 'अनियतकालिक' म्हणवून घेत ही कटकटच मिटवली. ज्याला तारीख नाही त्याचा वाढदिवस कसला! मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण', त्याचं उलटं: ६ जानेवारी १८३२ ला पाक्षिक म्हणून निघालं आणि मे महिन्यात साप्ताहिक झालं. पहिल्याच वर्षात काम वाढवून घेणारे विरळा.

वर्धापनदिनाचा अंक जाड करायचा मोह होतो. पण ए-फोर कागद मधोमध दुमडून पिना मारायच्या, तर पानं चाराच्या पटीतच. एक कविता जास्त झाली की १६ ची १७ नाही, थेट २० होतात, आणि उरलेल्या तीन पानांसाठी रेखाटनं शोधत फिरावं लागतं. १६ पानी अंकात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, पाठीमागे २ आणि १५. कागदाच्या एका बाजूवरच्या दोन पानांची बेरीज कायम १७. कुठे १८ आली तर छपाई थांबवावी. प्रिंटरला कागद आखूड कडेवर उलटायला सांगायचं. लांब कडेवर उलटला तर पाठची पानं शीर्षासन करतात.

वर्षभराची सूची मात्र टाळू नये. अकारविल्हे लावायला संगणकाला दिली तर तो बहुधा 'क्षणभर'ला कच्या शेपटाशी, खच्या आधी बसवतो. त्याच्या लेखी क्ष म्हणजे क ला जोडलेला ष. 'ज्ञ'ची तीच गत, तो जमध्ये सापडतो. दोघांना हाताने उचलून हच्या पलीकडे न्यायचं. या उचलाउचलीत सगळी शीर्षकं एकदा डोळ्यांखालून जातात. प्रत्येक अंक वेगळा काढला असं वाटत असतं, आणि प खाली 'पाऊस' सात वेळा निघतो. पावसाळा तर चारच महिन्यांचा.