फुल आयर्नमॅन कोणती निवडावी? आधी पुण्याचे महिने पाहावेत

गोव्याची हाफ, म्हणजे निम्म्या अंतराची, आयर्नमॅन पूर्ण झाली की पुढचा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो, आणि आमच्या पहाटेच्या गटात तर तो वर्षभर चर्चेत असतो: फुल करायची तर कोणती? 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि त्यानंतर लगेच 42.2 किलोमीटर धावणे हे अंतर जगभर सारखेच असल्यामुळे निवड म्हणजे देश ठरवायचा आणि तिकीट काढायचे, असा अनेकांचा समज असतो. माझ्या पहिल्या फुलसाठी स्पर्धा निवडताना मी बऱ्याच मार्गांचे नकाशे, चढ-उतार, पाण्याचे तापमान आणि वेळेच्या मर्यादा पाहिल्या, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले. स्पर्धेच्या मार्गाइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक बारकाईने, स्पर्धेच्या आधीचे चार महिने पुण्यात कसे असतात ते पाहावे. कारण स्पर्धा एका दिवसात संपते, पण तिची सगळी तयारी इथल्या उन्हापावसात आणि इथल्याच रस्त्यांवर करायची असते.

नव्याने फुल करणाऱ्याला सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘सपाट मार्ग निवड’. या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. जर्मनीतील रोटची स्पर्धा पाहा. जगातील सर्वांत वेगवान वेळा तिथे नोंदल्या जातात. 2024 मध्ये अॅने हाउग यांनी तिथे 8 तास 2 मिनिटे 38 सेकंद ही महिलांची विक्रमी वेळ दिली. तरीही रोटचा सायकलमार्ग सपाट नाही. तिथे सोलारर बर्गसारखे चढ आहेत, पण रस्ते उत्तम आहेत आणि उतार असे आहेत की कमावलेला वेग वाया जात नाही. याउलट पूर्ण सपाट मार्गावर 180 किलोमीटर एकाच स्थितीत, एरोबारवर (हँडलवर पुढे बसवलेल्या, कोपर टेकवून धरायच्या दांड्यांवर) वाकून, पाय एकदाही न थांबवता काढावे लागतात. आपण पुणेकर सिंहगड, बोपदेव, खंबाटकी या घाटांवर वाढलेले सायकलस्वार आहोत. चढ चढायचा आणि उतारावर पाय मोकळे करायचे, ही आपल्या शरीराची सवय आहे. त्यामुळे सपाट मार्ग आपल्याला आपोआप सोपा जाईल, हे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

वेळेच्या मर्यादेचे गणितही प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे. बहुतेक आयर्नमॅन स्पर्धांना 17 तास मिळतात, त्यात पोहण्यासाठी 2 तास 20 मिनिटे आणि सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साधारण साडेदहा तास असतात. पोहायला दोन तास लागले आणि कपडे बदलून सायकलवर बसेपर्यंत पाव तास गेला, तर सायकलसाठी सव्वाआठ तास उरतात, म्हणजे ताशी सरासरी 22 किलोमीटर. पंक्चर, लघुशंका, पाण्यासाठी थांबणे हे सगळे त्याच सरासरीत बसवावे लागते. जर्मनीतील काही स्पर्धांत तर एकूण मर्यादा 15 तासांचीच आहे. ज्यांना सोळा तास लागतील असा अंदाज आहे, त्यांनी गर्दीचा आणि उत्साहाचा कितीही मोह पडला तरी ती नावे यादीतून आधीच काढून टाकावीत.

आता महिन्यांकडे वळते. जून आणि जुलैच्या सुरुवातीला युरोपात हॅम्बुर्ग, ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट आणि रोट या स्पर्धा असतात. त्यांच्या तयारीचा कळस एप्रिल-मेमध्ये येतो. पहाटे चारला सायकल बाहेर काढली तरी नऊपर्यंत पाठीवर ऊन चटके देऊ लागते, आणि खरी कसोटी म्हणजे त्यानंतर करायची ब्रिक रन, म्हणजे सायकलवरून उतरताच लगेच धावण्याचा सराव. उन्हाची सवय होणे शरीराला उपकारकच असते, परंतु सहा-सात तासांच्या राइड आठवड्यामागून आठवडे अशा उन्हात करणे नोकरी करणाऱ्या माणसाला झेपेलच असे नाही. मला ते झेपणार नाही, हे मला ठाऊक आहे.

ऑगस्टच्या स्पर्धांनी मात्र माझा सर्वाधिक वेळ घेतला. स्वीडनमधील काल्मार माझ्या मनात आजही घर करून आहे. मुख्य भूमीला ओलांड बेटाशी जोडणारा सुमारे सहा किलोमीटरचा पूल एरवी सायकलींना बंद असतो आणि स्पर्धेच्या दिवशी तो सायकलस्वारांसाठी खुला होतो. मार्ग सपाट, बेटावर वारा भरपूर, आणि धावताना साऱ्या गावाची साथ. दुसरे नाव कझाकस्तानातील अस्तानाचे. इशिम नदीत पोहणे, सपाट रस्ते, आणि भारतीयांना अल्प मुक्कामासाठी व्हिसाची गरज नसल्यामुळे युरोपच्या शेंगेन व्हिसासारखी अपॉइंटमेंटची धाकधूक नाही. भारतातून अनेक जण तिथे जातात, आणि पहिल्या फुलला आपल्या भाषेत हाक मारणारे कोणी मार्गावर भेटणे ही लहान गोष्ट नाही.

पण ऑगस्टच्या मध्यावर स्पर्धा म्हणजे सर्वांत लांब राइड जूनचा उत्तरार्ध आणि जुलैत. त्या दिवसांत पानशेत रस्त्याला शेवाळ असते, घाटात धुके असते, खड्ड्यात साचलेले पाणी किती खोल आहे ते दिसत नाही, आणि महामार्गावर ट्रकच्या चाकांमागून उडणारा चिखल थेट चष्म्यावर येतो. पांढऱ्या पट्ट्यांवरून ओले टायर सटकतात. यावर उपाय म्हणून बरेच जण घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवता येईल असा स्टँड) लावून बसतात, आणि त्यात कमी काही नाही. ठरलेली ताकद ठरलेला वेळ देण्याचा सराव ट्रेनरवर उत्तम होतो. आमच्या गटातील एका काकांनी अशाच तयारीवर फुल पूर्ण केली आहे. मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “अगं, पाय तयार होतात. हात आणि नजर तयार होत नाही. वारा आडवा लागला की ते कळतं.” हँडल धरून वाऱ्याशी जुळवून घेणे, चालू सायकलवरून बाटली उचलणे, शेजारून कोणी पुढे जात असताना रेषा न सोडणे, या गोष्टी दिवाणखान्यात शिकता येत नाहीत. त्यांचे ते वाक्य माझ्या निर्णयात निर्णायक ठरले.

पोहण्याचा विचार मी मुद्दाम वेगळा केला, कारण आपल्याकडे बहुतेक जण धावण्याकडून किंवा सायकलकडून या खेळात येतात आणि पोहणे सर्वांत शेवटी शिकतात. 25 मीटरच्या तलावात 3.8 किलोमीटर म्हणजे 152 फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला भिंतीला पाय लावून मिळणारा धक्का खुल्या पाण्यात मिळत नाही. खडकवासल्यासारख्या धरणांत उतरणे मनाई असलेले आणि जिवावर बेतणारे आहे, तेव्हा खुल्या पाण्याच्या सरावासाठी आम्ही सुरक्षेची नीट व्यवस्था असेल तेव्हाच कोकण गाठतो. अशा वेळी वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, फार मोठा आधार ठरतो. तो शरीराला वर उचलतो, पाय बुडत नाहीत आणि पुढच्या दोन प्रकारांसाठी ते ताजे राहतात. आयर्नमॅनच्या नियमानुसार पाण्याचे तापमान 24.5 अंशांपर्यंत असेल तर वयोगटातील, म्हणजे हौशी, स्पर्धकांना तो मुक्तपणे चालतो, त्यावर 28.8 अंशांपर्यंत घालता येतो, पण मग पारितोषिकावर आणि जागतिक स्पर्धेच्या प्रवेशावर पाणी सोडावे लागते. त्याहून गरम पाण्यात त्याला बंदीच आहे. म्हणून पोहण्यात कच्च्या असलेल्या माणसाने थंड पाण्याला घाबरण्याऐवजी ते शोधावे, असे मी म्हणेन. मलेशियातील लंकावीची स्पर्धा नोव्हेंबरमध्ये असते, प्रवास जवळचा आहे, पण समुद्र कोमट, हवा दमट आणि सायकलमार्ग चढ-उतारांचा. माझ्यासाठी तिथेच ते नाव संपले.

वेटसूटचा सराव पुण्यात कधी होऊ शकतो, हाही महिन्यांचाच प्रश्न आहे. पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून एक एक पाय सरकवायचा, मांडीवरचे कापड चिमटीने वर ओढत आणायचे, खांद्यापाशी सैल जागा ठेवायची आणि मानेला भरपूर वंगण लावायचे. नाही तर तासाभरात मानेची कातडी सोलून निघते. एवढा खटाटोप करून एप्रिलमध्ये तलावात उतरले की काही मिनिटांत जीव घाबरा होतो. नोव्हेंबरच्या पहाटे, न तापवलेल्या तलावात, तोच वेटसूट सुखाचा वाटतो.

इथे सगळे धागे ऑस्ट्रेलियातील बसलटनकडे येतात. ही स्पर्धा डिसेंबरच्या आरंभी, पर्थपासून दक्षिणेला सुमारे 220 किलोमीटरवर होते. तिथल्या जेट्टीची लांबी 1841 मीटर आहे. तिच्या कडेने जायचे, टोकाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूने परतायचे, की पोहण्याचे अंतर पूर्ण. दिशा चुकण्याची भीती वाटणाऱ्या माझ्यासारखीला सतत नजरेसमोर असणारे लाकडी खांब हा केवढा तरी दिलासा आहे. पाणी वेटसूट चालेल इतके थंड असते, सायकलमार्ग सपाट आहे आणि घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे आहे. समुद्रात शार्क दिसल्यामुळे 2017 मध्ये तिथले पोहणे रद्द करावे लागले होते, हे मी घरी लपवले नाही. अशी जोखीम अन्यत्रही असते. 2018 मध्ये हॅम्बुर्गला पाण्यातील शेवाळामुळे पोहण्याऐवजी सहा किलोमीटर धावायला लावले होते.

मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर 2015 मध्ये झ्युरिकची आयर्नमॅन केली, तेव्हापासून माझ्या यजमानांच्या मनात स्वित्झर्लंड होते. ती स्पर्धा नंतर थुनला हलली आणि तिथला मार्ग चढांचा आहे, हे दाखवल्यावर त्यांनी पर्थ मान्य केले.

कालनिर्णय समोर घेऊन मी उलटे मोजत आले. पावसाळ्यात ट्रेनर आणि तलाव, गणपतीनंतर उघडीप, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात सर्वांत लांब राइड, मग टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करत नेणे. दिवाळी नेमकी कळसाच्या आठवड्यांत येते, हे खरे. फराळाचे काम मी आणि जाऊबाईंनी आधीच वाटून घेतले आहे. लांब राइडसाठी घाट सोडून सोलापूर रस्ता निवडला आहे, कारण लोणी काळभोर मागे पडले की यवत, पाटस करत भिगवणपर्यंत ऐंशीएक किलोमीटर पाय थांबवावे लागत नाहीत, आणि मला नेमका तोच सराव हवा आहे. प्रवेशशुल्क भरले आहे. पहिली भिगवण राइड अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी ठेवली आहे. ज्यांना पूर्ण किंवा निम्म्या वाटेपर्यंत यायचे असेल, त्यांनी पहाटे साडेचारला हडपसर गाडीतळापाशी, मागचा दिवा लावून, दोन ट्यूब आणि स्वतःचे पाणी घेऊन हजर राहावे.